मशीन कानाला लागलं, मग ऐकायला शिकले

लहान मुलांचा आवाज सगळ्यात आधी निसटतो. मोठ्या माणसांचं, त्यातही पुरुषांचं बोलणं कळत राहतं, त्यामुळे कानाचं काही बिघडलंय असं वाटतच नाही. मी सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुख्याध्यापक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारायचे ती मला स्पष्ट यायची, आणि टेबलाजवळ उभी राहून धडा वाचणाऱ्या मुलीचं मात्र निम्मं कळायचं. ती वाचतेय हे ऐकू यायचं. काय वाचतेय ते पुस्तकात बघून ठरवावं लागायचं.

तोंडी गणितात तर फार अडायचं. पोरगं ‘सात’ म्हणायचं आणि मला ‘आठ’ वाटायचं. मधला ‘आ’ नीट यायचा, त्याच्या आधीचा ‘स’ यायचाच नाही आणि शेवटी ‘त’ आला की ‘ठ’ याचा पत्ता लागायचा नाही. मग मी उत्तर पाटीवर लिहून वर धरायला सांगू लागले. मुलांना त्यात मजा वाटायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोरोनानंतर शाळा उघडल्या, सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत साधनव्यक्ती बोलत होत्या, माझ्यापासून दहा फुटांवर, आणि मला एक वाक्य धड लागेना. शेजारच्या मॅडम भराभर लिहून घेत होत्या. इतकी वर्षं समोरच्याचे ओठ बघून मी निम्मं बोलणं भरून काढत होते, हे त्या दुपारी कळलं. ओठ झाकले गेले आणि माझ्याकडे नुसते स्वर उरले.

घरात त्याआधीपासूनच धुसफुस होती. आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, हायस्कूलला इतिहास शिकवतात. वर्गात बोलून बोलून दमलेला माणूस घरी हळू बोलतो. मी “काय?” म्हणायचे. ते पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगायचे. मी पुन्हा “काय?” म्हणायचे. मग ते मोठ्याने बोलायचे आणि मला ते ओरडणं कानाला टोचायचं, म्हणून मी म्हणायचे, “ओरडताय कशाला?” यात दोघांचाही दोष नव्हता. आतल्या कानाच्या पेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र पहिल्यासारखाच, कधी जास्तच, लागतो. मधली जागा अरुंद होते. पण हे कळेपर्यंत आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, ठरून गेलं होतं: “सूनबाईचं ध्यानच नसतंय बघा आजकाल.” रात्री सगळं शांत झालं की कानात रातकिडे ओरडायचे, तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईला पन्नाशीनंतर असंच झालं होतं. तिला सगळे ‘बहिरी’ म्हणत आणि तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल बोलत. त्या शब्दाची मला धास्ती होती.

गावातल्या डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला. त्याने थोडं मोकळं वाटलं, पण ‘स’ काही परत आला नाही. मग परभणीला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी काट्यासारखं एक धातूचं यंत्र हातावर आपटून डोक्याच्या मध्यावर टेकवलं, मग कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरलं, आणि प्रत्येक वेळी कुठे मोठं ऐकू येतं ते विचारलं. बरेच प्रश्न विचारले. टीबीची इंजेक्शनं कधी घेतली होती का, कारण स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही औषधं आतल्या कानाला मारक असतात. मधुमेह आहे का? चक्कर येते का? जिनिंगमध्ये किंवा कारखान्यात कधी काम केलंय का? कान वाहतो का? दोन्ही कानांना सारखंच कमी येतं, की एकाला? एकाच कानाचं ऐकणं गेलं असेल तर नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय करावं लागतं, असं ते म्हणाले. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी भेटेल त्याला सांगते: काल चांगलं ऐकू येत होतं आणि आज सकाळी एक कान अचानक बंद झाला, असं झालं तर सर्दीनं दडा बसला असेल म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो.

माझं तसं नव्हतं. हळूहळू, दोन्हीकडे सारखं, आईसारखं. डॉक्टरांनी सविस्तर तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला एका ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने निघाले. या गाडीत फायली छातीशी धरून खंडपीठाच्या तारखेला जाणारे लोक नेहमी असतात, आणि दवाखान्यांच्या पिशव्या घेतलेले आम्ही. गाडीच्या आवाजात सरांचं एकही वाक्य मला कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून दाखवलं: ‘घाबरू नको.’

तपासणीची खोली छोटी, जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येणारी. दार बंद झालं आणि कानातले रातकिडे एकदम मोठे झाले. काचेपलीकडे ऑडिओलॉजिस्ट मॅडम बसल्या होत्या. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. हेडफोन लावला, हातात एक बटण दिलं. सूर कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं. आधी भरदार सूर आले, ते मी पटापट दाबले. मग सूर चढत गेले, पातळ होत गेले, आणि मोठा वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे त्यांचा हात यंत्रावर हलत होता. म्हणजे त्या सूर सोडत होत्या आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. आपल्याला काय ऐकू येत नाही हे माणसाला कळू शकत नाही. मला ते तेव्हा त्यांच्या हाताकडे बघून कळलं. नंतर कानामागच्या हाडावर एक छोटी डबी दाबून बसवली, दुसऱ्या कानात ‘सूंऽऽ’ असा आवाज सोडला, म्हणजे त्या कानाने मदत करू नये, आणि सगळं पुन्हा केलं. शेवटी त्यांनी तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द म्हटला आणि मला तो परत म्हणायला सांगितला. इथे मला रडू आलं. वर्गात मुलांकडून मी हेच करून घेते.

त्यांनी आलेख समोर ठेवला. आडव्या रेषेवर सुरांची उंची, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, वर कमी आणि खाली जास्त. उजव्या कानाची लाल गोल चिन्हं, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा एकमेकींना धरून उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. ५०० ला २५, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ६५. त्यांनी पेन्सिलने त्याच कागदावर अक्षरं लिहिली. आ, ओ, ऊ, म डावीकडे. क, ट, त मध्याच्या पुढे. स, श, फ अगदी उजवीकडे. बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि अर्थ बहुतेक व्यंजनांत. माझे स्वर शाबूत होते, व्यंजनं रेषेच्या वर राहिली होती. मुलांचे आणि बायकांचे आवाज मुळात उंच आणि हलके, म्हणून ते आधी गेले. “मॅडम, तुम्हाला आवाज येतोय, शब्द येत नाहीत,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी तक्रार माझ्याआधी बोलून दाखवली.

आतल्या कानात शंखाच्या वळणाच्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात. उंच सुरांच्या पेशी दाराजवळच, आणि झिजतातही त्याच आधी. माणसात त्या परत उगवत नाहीत. म्हणून यावर गोळी नाही, तेल नाही, कानात टाकायचा कुठला रस नाही. हे मी ठासून लिहिते, कारण आपल्याकडे लसूण कढवलेलं तेल कानात ओतण्याचा सल्ला अजून प्रेमाने दिला जातो.

आलेखावरच्या त्या चार आकड्यांची माझी सरासरी ४६ डेसिबल निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा ऱ्हास ६० डेसिबलपासून पुढे धरला जातो. ७० पासून पुढे कर्णबधिर. म्हणजे प्रमाणपत्राच्या हिशेबात मी बसत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानातला ऱ्हास ३५ डेसिबलच्या पुढे गेला की पुनर्वसनाची गरज आहे असं मानते, आणि जगात अशी माणसं ४३ कोटी आहेत. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मला समजतं. पण त्या रेघेच्या अलीकडे बसलेल्या माणसाचंही कामाचं ठिकाण असतं, घर असतं, आणि त्याला वाटत राहतं की आपलं काही झालेलंच नाही.

उपाय उरला तो कानाच्या मशीनचा, म्हणजे श्रवणयंत्राचा. ते निवडताना मॅडमनी घाई केली नाही. आधी विचारलं, दिवसभर कुठे असता, कुणाशी बोलता, काय ऐकू यायला हवं. मी म्हटलं, पोरांचं वाचन. एका कानाला घेतलं तर पैसे वाचतील, असं सर म्हणाले, मीही तेच म्हणणार होते. पण दोन्ही कानांना कमी असेल तर दोन्हीकडे मशीन लागतं. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतला फरक मोजून ठरवतो, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढायलाही दोन्ही बाजू लागतात. शिवाय रिकामा ठेवलेला कान शब्द ओळखायची सवय सोडत जातो. किंमत मोठी आहे. एका कानाचं डिजिटल मशीन काही हजारांत मिळतं आणि लाखाच्या वरही जातं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, एवढा दिलासा. आम्ही मधलं घेतलं: कानामागे बसणारं, बारीक वायरच्या टोकाला स्पीकर, तो कानात. गोंगाट कमी करणारं आणि समोरचा आवाज उचलणारं असावं एवढं बघितलं, मोबाइलला जोडायचं कौतुक सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना विचारायला सांगते. मशीन बसवताना मॅडमनी माझ्या कानात एक बारीक रबरी नळी घातली, मशीन त्याच्यासोबत लावलं, आणि कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय हे संगणकावर मोजलं. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्यावर मशीन सोडून चालत नाही. पुष्कळ ठिकाणी हे मोजतच नाहीत. आणि बसवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. चष्मा लावला की अक्षर तिथल्या तिथे दिसतं, तसं मशीनचं नसतं. विकणारा निघून गेल्यावरच खरं काम सुरू होतं, म्हणून ते काम करणारं माणूस आधी बघायचं आणि मशीन नंतर.

मशीन चालू झालं आणि माझाच आवाज घुमू लागला. मग मॅडमच्या हातातल्या कागदाचा कडकडाट. मग ‘सऽ सऽ’ असं काहीतरी सतत. मी मागे वळून बघितलं. एसी होता, तो आधीपासूनच चालू होता. बाहेर पडले तर रिक्षा अंगावर आल्यासारख्या वाटल्या, स्टेशनवरची घोषणा डोक्यात आदळली. आवाज तर त्यांनी गरजेपेक्षा कमीच ठेवला होता, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायचं म्हणून.

घरी आले आणि घर वेगळंच होतं. नळाचं पाणी बादलीत पडताना असा आवाज करतं? भाकरीचं पीठ चाळताना चाळणीवर माझ्याच बांगड्या वाजत होत्या. पिशवीतून शेंगा काढल्या तर प्लास्टिकचा आवाज असह्य. फोडणीत मोहरी तडतडली आणि मी दचकून मागे सरले. संध्याकाळी अंगणात कडुलिंबाखाली बसले तर वर चिमण्या. त्या होत्या हे दिसत होतं, पण त्यांचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आता मी काय म्हणले ते समजूलालं का?” समजत होतं. आणि तेवढ्यातच डोकं ठणकायला लागलं होतं.

इथे बहुतेक माणसं मशीन काढून ठेवतात. मला ते पूर्ण समजतं. कित्येक वर्षं मेंदूकडे हे आवाज आलेच नाहीत, त्यामुळे कोणता आवाज कामाचा आणि कोणता सोडून द्यायचा याची त्याची सवय मोडलेली असते. पंखा, भांडी, पाखरू, माणूस, सगळं एकाच मोलाचं वाटतं. ती सवय परत लागायला आठवडे जातात, महिने जातात, आणि मशीन कानात असेल तरच लागते. समारंभापुरतं घातलं आणि घरी येऊन काढलं, तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. मॅडम तर संगणकाला मशीन जोडून रोज सरासरी किती तास वापरलं ते बघतात, त्यामुळे तोंडदेखलं उत्तर चालत नाही.

त्यांनी अभ्यास दिला आणि मी तो शाळेचा गृहपाठ समजून केला. सुरुवातीला फक्त घरात, शांत खोलीत, एका माणसाशी बोलायचं. सर पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी त्याच मजकुरावरून नजर फिरवायची, म्हणजे कान चुकला तर डोळा सांगेल. ते जमायला लागल्यावर पेपर त्यांच्याकडेच ठेवायचा. मग त्यांनी तोंडासमोर पेपर धरून वाचायचं. मग शेजारी टीव्ही बारीक लावून. सोबत सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्यांचा सराव: साप-ताप, शाल-चाल, फळ-कळ. हे शब्द मीच मुलांच्या बालभारतीतून काढून दिले. सर इतिहासाचे शिक्षक, त्यांना हे वाचून दाखवण्याचा कंटाळा येईल असं वाटलं होतं. पण त्यांनी एक वही केली, कुठली अक्षरं चुकतात त्याची रोज नोंद ठेवली आणि ती वही घेऊन संभाजीनगरला आले. मॅडमनी त्या वहीवरून मशीन पुन्हा लावलं. ‘श’ आणि ‘स’ मी सारखेच ऐकत होते, ते पहिल्यांदा वेगळे झाले. ‘फ’ अजूनही कधी कधी जातो. सकाळी आकाशवाणीवरच्या प्रादेशिक बातम्या मी मुद्दाम पाठ फिरवून ऐकायची सवय लावली. निवेदकांचे उच्चार स्वच्छ असतात, त्यामुळे सरावाला याच्यासारखं साधन नाही.

माझ्याइतकंच घराला शिकावं लागलं. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलायचं नाही. आधी नाव घ्यायचं, मी बघितलं की मग बोलायचं. उजेडाकडे तोंड करून बोलायचं. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि “जाऊ दे, काही नाही” हे कधीही म्हणायचं नाही. माझ्या आईला आम्ही सगळे हेच म्हणायचो, “काही नाही, माय.” त्या तीन शब्दांत माणूस घरातून बाहेर पडतो. ऐकणं कमी झालेली माणसं बोलणं कमी करतात, बैठकीतून उठून आत जातात, आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. स्मृतिभ्रंशाचे जे टाळता येण्यासारखे धोके लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने मांडले आहेत, त्यात मध्यम वयातला श्रवणऱ्हास आहे. ते वाचलं आणि मला आईची शेवटची वर्षं डोळ्यांसमोर आली.

वर्गात पहिल्या दिवशी मी लपवलं नाही. केस मागे घेतले, दोन्ही मशीन मुलांना दाखवली. एकीने विचारलं, “मॅडम, दुखतंय का?” दुसऱ्याने विचारलं, “ह्यात गाणे लागतेत का?” दहा मिनिटांत त्यांचं कुतूहल संपलं. मोठ्या माणसांना मात्र अजून माझ्या कानाकडे बघून बोलायची सवय आहे. पत्र्याचं छत, उघड्या भिंती, फरशी, सगळीकडून आवाज परत येतो. मशीन त्यालाही मोठं करतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून मशीन कितीही चांगलं असलं तरी जवळ जाण्याला पर्याय नाही. मी बाकांच्या ओळी मोडून मुलांना अर्धगोलात बसवलं आणि वाचणारं मूल माझ्याजवळ आणलं. जुन्या सतरंज्या मागच्या भिंतीला टांगल्या. याने मुलांनाही एकमेकांचं वाचन स्पष्ट येऊ लागलं. लग्नातल्या डीजेसमोर आणि बाजाराच्या दिवशी मात्र मशीनचं काही चालत नाही. तिथे मी माणसाला बाजूला घेऊन बोलते.

देखभालीचं आपल्या हवेत फार आहे. माझी बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी कागदाची. कागद काढला की मिनिटभर तशीच ठेवायची, कारण ती हवेतल्या ऑक्सिजनवर चालते, आणि मग बसवायची. साधारण आठवडा जाते. घरात लहान मूल असेल तर ही बॅटरी कुलपात ठेवा, गिळली तर जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात दमट हवा. रोज रात्री मशीन कोरडं करायच्या डबीत, सिलिका जेलसोबत. आपण बायका केसांना खोबरेल लावतो, ते तेल माइकच्या छिद्रात जातं; म्हणून मी तेल रात्री, मशीन काढल्यावर लावते आणि सकाळी कानामागचा भाग पुसून घेते. स्कूटीवर उन्हात तोंडाला बांधलेला स्कार्फ आणि डोक्यावरचा पदर मशीनवर घासला की खरखर होते. मशीन शिट्टी मारायला लागलं तर बहुतेक वेळा ते कानात नीट बसलेलं नसतं किंवा आत मळ साचलेला असतो. ते बिघडलं असं समजून कपाटात टाकू नये.

माझ्या मावशीचं कपाटातच पडलं होतं. ती मानवतला असते. तिच्याकडे एक विक्रेता घरी येऊन गेला होता. आलेख न काढता, नळी न घालता, एका कानात मशीन बसवून, पैसे घेऊन गेला. ते तिच्या कानात सैल, सारखी शिट्टी मारायचं, आणि भांडं पडलं की तिला कळ यायची. “मला नाही लागत मशीन, माझे कानच गेलेत,” असं तिने ठरवून टाकलं होतं. तिला मी आमच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी कानात मऊ लगदा भरून साचा घेतला, त्यावरून तिच्या कानाचा ठोकळा करून आणला आणि तेच मशीन तिच्या आलेखाप्रमाणे लावलं. मशीन चांगलं होतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये थेट खात्यात मिळतात; तिच्या दुसऱ्या कानासाठी ते पुरणारे नाहीत, पण अर्ज केला आहे. मावशी आता संध्याकाळी हरिपाठाला पुढे बसते. मधेच कुणी ओळ चुकलं तर थांबवते.

आणि माझ्या वर्गातला एक मुलगा. पहिलीचा. मागून हाक मारली तर ओ देत नाही, नाव तिसऱ्यांदा घेतलं की बघतो, वाचताना माझ्या तोंडाकडे टक लावतो. अंगणवाडीतून तो ‘मंद आहे’ असा शेरा घेऊन आला होता. तोंडाकडे असं बघणं मी ओळखते. जवळ घेतलं तर एका कानात कापसाचा बोळा, त्याला वास. आई म्हणाली, “थंडीनं वाहतंय मॅडम, मोठा झाला की ऱ्हाईल.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा मी त्याला पुढे उभं केलं आणि परभणीला पाठवण्याची चिठ्ठी घेतली. दोन्ही पडद्यांना छिद्र निघालं. त्याचं माझ्यासारखं नाही. आतल्या पेशी चांगल्या आहेत, आवाज वाटेत अडतोय. डॉक्टरांनी थेंब दिले, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, विहिरीत उडी नाही, तेल तर मुळीच नाही. कान कोरडा राहिला तर छिद्र आपसूक बुजू शकतं, नाही बुजलं तर तो थोडा मोठा झाल्यावर शस्त्रक्रिया.

तो आता माझ्या उजव्या हाताला पहिला बसतो. अंघोळीआधी कानाला व्हॅसलीन लावलेला कापूस लावायचा, हे त्याच्या आजीला मी घरी जाऊन दाखवून आले. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तपासणी आहे. त्याच्या आईला दवाखान्यात एकटीने जायची भीती वाटते, म्हणून मी सोबत जाणार आहे.